बाहीतली ऊब

काब्राच्या पाठीवर ओझं बांधायचं काम यांगकीकडे होतं आणि ते तिला काही केल्या जमत नव्हतं. एका बाजूला सातूच्या पिठाची पोती, दुसऱ्या बाजूला तंबू. एक बाजू वर चढवली की दुसरी घसरायची. काब्रा मोठा समजूतदार याक होता, पण त्यालाही आता कंटाळा आला होता. त्यानं नाकातून वाफ सोडली आणि मान फिरवून यांगकीकडे पाहिलं.

"काठमांडूत हे शिकवत नाहीत वाटतं?" मेमे रिंझिन दगडावर बसून माळ ओढत म्हणाले. मेमे म्हणजे तिचे आजोबा, आईचे वडील.

"काठमांडूत छाती कशी तपासतात ते शिकवतात, मेमे. अर्धं फुप्फुस निकामी झालेल्या माणसाला इतक्या उंचावर नेऊ नये, हेही शिकवतात. परत सांगू?"

"नको. गावातून निघाल्यापासून रोज ऐकतोय. माझं पाठ झालंय."

आमा, म्हणजे यांगकीची आई, हसली. आणि नेहमीप्रमाणे हसण्याचा खोकला झाला. दोन आखूड ठसके, मग एक लांब, घरघरता, जसं कुणी जड पेटी दगडांवरून ओढत नेतंय. खोकून झाल्यावर तिनं छुब्याच्या, अंगातल्या लांब कोटाच्या, डाव्या बाहीला तोंड पुसलं, यांगकीच्या हातातली दोरी घेतली आणि ओझं बांधून टाकलं.

आमाच्या उजव्या अंगठ्याला वरचं पेर नव्हतं. लहानपणी एका हिवाळ्यात वाट चुकलेल्या याकांना हुडकताना बर्फानं ते नेलं होतं. म्हणून तिची गाठ सगळ्यांपेक्षा वेगळी असायची. दोर उलटा फिरवायचा, टोक दातात धरून ओढायचं आणि खालून आत खोचायचं. कुरणात, कुंपणावर, कुठं ती गाठ दिसली की गावातले लोक म्हणायचे, डोल्कर इथून गेलेली दिसते.

यांगकीला देवाकडून काही नको होतं. आमा जिवंत घरी परत यावी, एवढ्यासाठीच ती कॉलेज बुडवून आली होती. तिबेटी पंचांगातलं घोड्याचं वर्ष होतं. त्या वर्षी कांग रिन्पोछेला, म्हणजे कैलासाला, एक परिक्रमा केली तरी तेरा केल्याचं पुण्य लागतं, असं मेमेंनी आमाच्या डोक्यात भरवलं होतं. डॉक्टरनं नको म्हटलं. आमा म्हणाली, "परिक्रमा करून मरेन, पण न करता मरणार नाही." या वाक्यावर मेमेंचे डोळे भरून आले होते. यांगकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हाताऱ्यांना दुसऱ्याच्या मरणाचं फार कौतुक असतं.

सरहद्दीपलीकडचं मोकळं पठार ओलांडताना मात्र आमा खरंच खुश होती. कियांगांचा कळप दिसला की ती थांबायची. ही तांबूस पाठीची रानगाढवं माणसाचा वास आला की पळत सुटायची, थोडं पुढं जाऊन ओळीनं उभी राहायची आणि वळून बघायची. बिळांच्या तोंडाशी जाडजूड फिया, मोठ्या घुशींसारखे प्राणी, मागच्या पायांवर उभे असायचे. कुणी येताना दिसलं की शीळ घालून सगळ्या माळाला बातमी द्यायचे आणि बिळात गडप व्हायचे.

"बघ, आपली वर्दी दिली," आमा म्हणायची. "तीन माणसं आणि एक याक."

परिक्रमेची मोठी खिंड चढायच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ओझ्याचे याक आधी वर जातात, म्हणून काब्राला पुढच्या जथ्याबरोबर सोडून दिलं. ही तिघं आमाच्या पावलानं सावकाश निघाली. खिंडीच्या अलीकडे, चढ सुरू होतो तिथं, मरणाचा माळ लागतो. सगळा माळ कपड्यांनी भरलेला. टोप्या, बूट, कापून ठेवलेल्या वेण्या, लहान मुलांची झबली. ज्याला त्याला आपल्या अंगावरचं काहीतरी तिथं सोडावं लागतं. मग दगडांवर मेल्यासारखं पडून राहायचं. उठायचं ते नवं होऊन. मागं पाहायचं नाही.

यांगकीनं केसांची एक रबरी क्लिप टाकली. मेमेंनी टोपी ठेवली. आमानं कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडली आणि छुबा उतरवला. मेंढीच्या कातड्याचा, आतून लोकरीचा, तिच्या आईनं शिवलेला छुबा.

"वेड लागलंय का?" यांगकी ओरडली. "टोपी टाक. मोजा टाक. वर बर्फ आहे, आमा!"

"फाटका मोजा टाकून यमाला फसवायचं होय?" मेमे म्हणाले. "जिवाला जे चिकटलंय तेच सोडायचं असतं."

"तुम्ही टोपी टाकलीत."

"माझ्या जिवाला आता टोपीच चिकटलीय," मेमे म्हणाले आणि आमाला पुन्हा हसू आलं.

ती दगडांवर आडवी झाली. डोळे मिटले. छातीवर हात. इतकी शांत पडली की यांगकीला ते बघवेना. माळावर दोन डोमकावळे चालत होते. वर, फार उंचावर, एक गिधाड पंख न हलवता गोल फिरत होतं.

आमा उठली तेव्हा मेमे हलक्या आवाजात म्हणाले, "आता खिंड येईस्तोवर तिला हाक मारायची नाही. नावानं नाही, नात्यानं नाही. इथं जी पडून राहिली तिलाही ऐकू जातं. वर पताकांपाशी तू पहिली हाक मारायची. लेकीनं मारायची असते."

"तिथं कुणी पडून राहिलेलं नाही, मेमे. तिथं एक चांगला कोट पडलाय."

तिनं स्वतःचं जॅकेट काढून आमाला चढवलं. मेमेंनी आपलं घोंगडं दिलं. अर्धा चढ झाला आणि आभाळ एकाएकी खाली आलं. आधी वारा, मग बर्फ. आडवा, बारीक, डोळ्यांत शिरणारा. वाट गेली, डोंगर गेला, पाच हातांपलीकडचं सगळं पांढरं झालं. आमा एका खडकाच्या आडोशाला बसली ती उठेना. ओठ निळे पडलेले. खोकायलाही ताकद उरली नव्हती. नुसती छाती हलत होती.

"खाली उतरायचं," यांगकी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"उलटं फिरत नाहीत..." आमा पुटपुटली.

"उलटं फिरत नाहीत," मेमे म्हणाले.

यांगकीनं दोघांकडे पाहिलं. मग ती वळली आणि एकटीच खाली धावत सुटली.

माळ तिला दिसला नाही, पायांना लागला. बर्फाखाली मऊ, चिंध्यांची जमीन. ती गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपत पुढं सरकली. गारठलेला बूट. कुणाची तरी वेणी. एक टोपी, बहुधा मेमेंची. मग छुबा.

आमानं तो नुसता टाकला होता, अस्ताव्यस्त. आता तो उताणा होता. दोन्ही बाह्या अंगालगत सरळ. सगळ्या कपड्यांवर बर्फ साचला होता, छुब्यावर एक कणही नव्हता. आणि कमरेचा पट्टा बांधलेला होता.

तिला विचार करायला वेळ नव्हता. बोटं बधिर झाली होती, गाठ सुटत नव्हती. टोक खालून आत खोचलेलं. ते उपसताना तिचं नख मोडलं. गाठ सुटली, तिनं छुबा उचलून छातीशी धरला... आणि तशीच थांबली.

छुबा उबदार होता. कुणी आत्ताच अंगावरून उतरवावा तसा.

लोकर ऊब धरून ठेवते, ती स्वतःला म्हणाली. कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं. तिनं त्यात तोंड खुपसलं. लोणी, धूर आणि आमाचा वास. त्या वासानं तिला हुंदका आला. ती उठली तर चारी दिशा सारख्याच. आपली पावलंसुद्धा दिसेनात. तेव्हा ती घाबरली आणि घाबरलेलं लेकरू जे करतं तेच तिनं केलं.

"आमाऽऽ!"

वरून उत्तर आलं. अगदी क्षीण. दोन आखूड ठसके, एक लांब.

ती त्या दिशेला वळली आणि तिच्या मागून, अगदी मागून, जिथून तिनं छुबा उचलला तिथून, पुन्हा तोच खोकला आला. दोन आखूड. एक लांब...

वाऱ्यात आवाज फिरतो. यांगकी वर पळाली. तिनं मागं पाहिलं नाही. जो नियम तिला खुळा वाटत होता, तोच तिनं जीव मुठीत धरून पाळला.

मेमेंनी छुबा पाहिला. त्यांचं तोंड उघडलं. यांगकी तयारीतच होती. ते काही म्हणाले, की मागून काय ऐकू आलं तेही ती सांगणार होती. उंबरा कोणत्या पायानं ओलांडायचा, वाडगं कोणत्या हातात धरायचं, चुलीपाशी काय बोलायचं नाही, जन्मभर सांगत आलेला हा माणूस. बोला आता. पण मेमेंनी आमाच्या निळ्या ओठांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग स्वतःच्या हातांनी त्यांनी लेकीचे हात छुब्याच्या बाह्यांत घातले.

थोड्या वेळानं आमा उठली. अशी उठली जशी सकाळी अंथरुणातून उठावी. चालू लागली. वाट दिसत नव्हती तरी ती नीट चालत होती, पुढं पुढं, त्यांच्यासाठी न थांबता. एकदाही खोकली नाही.

खिंडीतल्या पताका आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. हजारो, बर्फानं जड झालेल्या, तरी फडफडणाऱ्या. आमा त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. गाल लाल, श्वास शांत. ती यांगकीकडे बघून मंद हसत होती, ओठ मिटून.

"मार हाक," मेमे म्हणाले. आवाज घोगरा होता.

"डोल्कर!" यांगकीनं रिवाजाप्रमाणे नावानं हाक मारली. "आमा! ऊठ, घरी चल!"

आमाचे ओठ हलले नाहीत. ती हसतच होती.

आणि खालून, चढावरच्या पांढऱ्या अंधारातून, दोन आखूड ठसके आले. एक लांब. मग धापा टाकत बोललेले शब्द.

"आले गं... थांबा जरा... फार थंडी वाजतेय..."

मेमेंचा हात यांगकीच्या मनगटावर आवळला.

"मेमे... ऐकलंत?"

"वारा आहे."

"तुम्ही ऐकलंत!"

"वारा आहे म्हटलं ना!" मेमे जवळजवळ ओरडले. आजवर हे वाक्य नेहमी यांगकीचं असायचं. मेमे म्हणायचे देव बोलतो, ती म्हणायची वारा आहे. "उतर खाली. तिला घे आणि उतर."

तिनं समोर पाहिलं. आमा उभी होती, धडधाकट. हेच तर हवं होतं. तिनं आमाचा हात धरायला हात पुढं केला. आमानं हात लांब बाहीत ओढून घेतले होते, म्हणून तिनं बाहीच धरली. आणि ती उतरू लागली.

पलीकडच्या दरीत बर्फ नव्हता. पिवळं ऊन होतं, ओढा होता आणि फियांची बिळं. तिघांना पाहून फियांनी शीळ घातली आणि ते बिळात गेले. तिघं पुढं गेली, माळ शांत झाला. फिया पुन्हा बाहेर येऊन उभे राहिले असणार. कारण थोड्या वेळानं मागं, रिकाम्या वाटेवर, पुन्हा शीळ झाली.

तंबूंपाशी काब्रा बांधलेला होता. आमानं तळहातावर मीठ घेऊन हात पुढं केला. लहानपणापासून तो तिच्याच हातचं मीठ चाटायचा. काब्रा मागं सरला. आणखी मागं. मग त्यानं खुंटी उपटली आणि खिंडीच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला. तिथून त्याला ओढून आणायला चार माणसं लागली.

परतीच्या पठारावर कियांगांचा मोठा कळप आडवा आला. आमा सरळ त्यात शिरली. एकाही जनावरानं मान वर केली नाही. ती त्यांच्या पाठींना जवळजवळ घासून चालली होती आणि रानगाढवं चरत होती, जणू तिथून वाऱ्याशिवाय काहीच जात नव्हतं.

गावात कौतुकाला पूर आला. डोल्करचा खोकला गेला! डोल्कर ओढ्यावरून भरलेल्या घागरी आणते! बायका आमाच्या अंगाला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या. यांगकीची मावशी म्हणाली, "बघ गं शिकलेल्या बाई, तुझ्या डॉक्टरनं काय केलं असतं?"

आमा चुलीपाशी बसलेली असायची. चहा घुसळायची, मीठ-लोणी बरोबर पडायचं. पोती बांधायची तर झटकन बांधायची, साधी गाठ, कुणीही बांधतं तशी. तिचे हात बहुतेक वेळ सदऱ्याच्या लांब बाह्यांत असायचे. चहाचं वाडगं देताना ते क्षणभर बाहेर यायचे. अंगठा बघायला तो क्षण पुरला असता. प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी यांगकी त्या वेळी वाडग्यातल्या चहाकडे बघत राहायची.

कॉलेजातून निरोप आला. वर्ग सुरू झाले होते. ती गेली नाही, कारण एका संध्याकाळी ती वरच्या कुरणाच्या बाजूनं आलेला आवाज ऐकून उभी राहिली होती. फार लांबून. दोन आखूड, एक लांब. मग काही दिवस काही नाही. मग मंत्र कोरलेल्या दगडांच्या, मणींच्या भिंतीपलीकडून. मग ओढ्यापासून. हळूहळू येत होता. अर्धं फुप्फुस गेलेल्या बाईला कैलासापासून पायी इथवर यायला एवढा वेळ लागणारच.

तिनं मेमेंना गोठ्यात गाठलं. ते आता घरात झोपत नव्हते. लेकीच्या समोर बसून जेवत नव्हते.

"काय करायचं ते सांगा."

मेमे प्रार्थनेचं चक्र फिरवत राहिले.

"जन्मभर सांगत आलात! हे करू नको, ते शिवू नको. आता सांगा ना! काहीतरी विधी असेल, लामा असेल..."

"मला ठाऊक नाही."

"काय?"

"असं कुणी केलंच नव्हतं आजवर. मला काय ठाऊक असणार?" त्यांनी चक्र थांबवलं. "तू उचललास, मी चढवला. तुला तुझी आई हवी होती, मला माझी लेक. मिळाली. आता गप्प बस, पोरी. निदान मोठ्यानं बोलू नकोस. ऐकू जातं."

छुबा खुंटीवर होता. घरी आल्यापासून आमा तो घालत नव्हती. "मला गरम होतं," म्हणायची. त्या संध्याकाळी यांगकीनं तो उचलला, बाहेर नेला आणि अंगणाच्या दगडी कुंपणावर ठेवला. पट्टा मोकळा सोडला. का ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. आत आली तेव्हा आमा चुलीकडे तोंड करून बसली होती.

"बाहेर ठेवलास?" आमानं न वळता विचारलं.

"वाळत घातला."

"हं..." आमा म्हणाली. "दार नीट लाव."

सकाळी अंगणभर दहिवर गोठलं होतं. लाकडांवर, गोवऱ्यांवर, कुंपणाच्या दगडांवर पांढरा थर. छुब्यावर नव्हता. काब्रा दावं तोडून कुंपणाशी आला होता आणि छुब्याची बाही चाटत होता. सावकाश, खरखरीत जिभेनं. मीठ चाटतात तशी.

यांगकी जवळ गेली. पट्टा बांधलेला होता. दोर उलटा फिरवून, ओढून, टोक खालून आत खोचलेलं. डाव्या बाहीच्या कडेला ओला लाल डाग होता. तिनं बोट लावलं. ताजा होता.

"आमा?" ती इतक्या हळू बोलली की ओठांवरची वाफसुद्धा हलली नाही.

तिनं उजव्या बाहीत हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आत तीच ऊब होती, माळावरची. लोकर ओलसर होती. आणखी आत... आणि तिथं कुणीतरी तिची बोटं धरली. घट्ट नाही. थकलेल्या माणसानं आधाराला धरावीत तशी. चार बोटं तिच्या बोटांभोवती वळली आणि त्यांच्यावर अंगठा आला. वरचं पेर नसलेला.

घरातून आमाची हाक आली, अगदी रोजच्यासारखी.

"यांगकी, आत ये गं. चहा निवतोय."

काब्रानं चाटणं थांबवलं आणि दाराकडे पाहिलं. दार कुणीतरी आतून उघडत होतं.

यांगकीनं बाहीतून हात काढला नाही.